बडीशेपेच्या बशीतली नोट

जून २०२५ मध्ये राज्य सरकारने स्वस्तातल्या भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं आणि परमिट रूमची मेन्यूकार्डं बदलली. बिलासोबत येणाऱ्या बडीशेपेच्या बशीतली नोट मात्र होती तीच राहिली.

टिप बिलाच्या दहा टक्के धरली तर दारू महागली की तीही आपोआप वाढायला हवी. पण परमिट रूममध्ये टक्केवारी मांडतो कोण? इथली टिप ठरते सुट्ट्या पैशांवर. बिल ४६० झालं, पाचशेची नोट ठेवली, चाळीस सोडले. दर वाढून तेच बिल ४९० झालं की बशीत उरतात दहा. म्हणजे दारू चढली आणि टिप उतरली! बिल ५१० झालं तर आणखी पंचाईत.

बरं, टक्केवारी तरी न्यायाची आहे का? क्वार्टर म्हणजे १८० मिली. साठ-साठचे तीन पेग म्हणा किंवा दोन नाइन्टी. ती पुरवत बसणाऱ्या टेबलाला वेटरने समोर सील फोडून द्यायचं, सोडा आणायचा, बर्फ वितळला की पुन्हा आणायचा आणि फुकटचा चकणा दोन-तीनदा भरायचा. पलीकडच्या टेबलावर सिंगल माल्टचा एकच साठचा पेग, बर्फाचे दोन खडे, संपला विषय. बिल कदाचित दुसऱ्याचं मोठं, पायपीट पहिल्याची. कॉकटेलमध्ये तर खरी मेहनत काउंटरमागच्या माणसाची. टिप एकत्र जमा करून वाटत नसतील तर त्याच्यापर्यंत काहीच पोचत नाही. बीअरवर ती २०२५ची शुल्कवाढ नव्हती, म्हणून बीअरवाल्यांना वाढणाऱ्याचं घरभाडं काही थांबलं नाही.

शिवाय पेगच्या दरात उत्पादन शुल्क मुरलेलं असतं. ते बिलात वेगळं दिसत नाही. दिसतो तो दारूवरचा व्हॅट आणि खाण्यावरचा जीएसटी. टक्केवारीच काढायची तर निदान हे दोन वगळून काढावी, नाहीतर आपण कराला टिप देतो. बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच तसं सांगितलंय. तो भरला तर आतून वेटरला किती मिळतो, हे विचारायला हरकत नाही.

त्यापेक्षा टेबल किती वेळ अडवलं ते बघावं. चौघे दोन तास बसले तर माणशी चाळीस-पन्नास, मग प्यायलेलं काही का असेना. एकट्याने सोड्यावर संध्याकाळ काढली तरी तेवढेच. कारण त्या खुर्चीवर दुसरं गिऱ्हाईक बसलं असतं. सोसायटीचा मेंटेनन्स वाढला की हा आकडाही वाढवावा, वेटरच्या खोलीचं भाडंही त्याच सुमाराला वाढलेलं असतं.

आता नवीन अडचण यूपीआयची. स्कॅन केलं की बरोब्बर ४६० जातात, सुट्टे उरतच नाहीत. जास्तीचे चाळीस त्याच कोडवर टाकले तर ते मालकाच्या खात्यात जातात आणि रात्री गल्ल्यातून वेटरला मिळतील की नाही, ते कॅप्टनच्या, म्हणजे वेटरांच्या मुकादमाच्या, वहीवर अवलंबून. म्हणून बिल फोनवरून भरलं तरी पन्नासच्या दोन नोटा वरच्या खिशात असाव्यात, आणि त्या बशीत न ठेवता हातात द्याव्यात. बशी कोण उचलेल, सांगता येत नाही.