ताटल्यांनी अकरा दिवस अडवलं : क्लिंगॉनचं अनेकवचन

‘ताटल्या स्वच्छ कर!’ एवढं एक वाक्य क्लिंगॉनमध्ये लिहायचं होतं. त्यापायी ११ दिवस गेले. अजून आठवलं की भाषा शिकायच्या ॲपवरचा तो लाल फुलीचा आवाज कानात वाजतो.

सुरुवात झकास झाली होती. ‘स्टार ट्रेक’ या विज्ञानकथांच्या मालिकेतल्या क्लिंगॉन नावाच्या योद्ध्यांची ही भाषा मार्क ओक्रँड या भाषातज्ज्ञाने घडवली आणि तिचा शब्दकोश १९८५ साली निघाला. त्यात अनेकवचनाचे तीन प्रत्यय दिलेत. बोलू शकणाऱ्यांना पु’, शरीराच्या अवयवांना डु’, बाकी सगळ्याला मेय. (’ या खुणेपाशी घसा क्षणभर बंद करायचा.) पुक़ म्हणजे मूल, पुक़पु’ म्हणजे मुलं. मिन म्हणजे डोळा, मिनडु’ म्हणजे डोळे. पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी काही नाही. घोडा-घोडे, चिमणी-चिमण्या, पान-पानं अशी घोकंपट्टी केलेल्या माणसाला तीन प्रत्यय म्हणजे सुट्टीच. त्यात ड आणि ष हे उच्चार इंग्रजी बोलणाऱ्यांना जड जातात, ते आपल्या तोंडात जन्मापासून आहेत. मी उगाचच फुशारलो होतो.

शिवाय हे प्रत्यय लावलेच पाहिजेत असंही नाही. क्रियापदावरून किंवा संख्येवरून ‘अनेक’ कळत असेल तर नाम तसंच ठेवलं तरी चालतं. आपण नाही का, एक दगड, दहा दगड म्हणत? इथपर्यंत दोन संध्याकाळी लागल्या.

मग ताटल्या आल्या.

ताटली म्हणजे जेङवा’. मी म्हटलं, बोलत नाही, अवयव नाही, म्हणजे मेय. जेङवा’मेय. फुली. बरोबर उत्तर म्हणून खाली शब्द आला ङोप. हा कुठला? जेङवा’शी त्याचं काही नातं दिसेना. मुकाट्याने ङोप पाठ केला. आता क्रियापद. एका वस्तूबद्दल हुकूम सोडायचा तर क्रियापदाच्या आधी यि लागतो, अनेक वस्तूंबद्दल ति. ताटल्या अनेक, म्हणून मी लिहिलं, ‘ङोप तिषाय’मोख़’. फुली. टंकण चुकलं असेल म्हणून परत तेच लिहिलं. फुली. फोनने ती ’ खूण आपल्या मर्जीने वाकडी केली असेल म्हणून तीही तपासली. (ही भीती अगदीच खुळी नाही. रोमन लिपीत ही भाषा लिहिताना ’ हे अक्षर असतं, आणि छोटा क्यू नि मोठा क्यू हेसुद्धा दोन वेगळे उच्चार आहेत. आपोआप दुरुस्ती पहिल्याच दिवशी बंद करा, हे खरं तर मी वरच सांगायला हवं होतं.)

ॲप ‘चूक’ एवढंच म्हणायचं. का चूक, ते नाही. चौथ्या दिवशी मी यि घालून पाहिला, केवळ वैतागून. हिरवी खूण! म्हणजे ताटल्या अनेक, पण हुकूम एकीलाच? मला तो ॲपचाच घोळ वाटला. तक्रारीचं बटण दाबलं, उत्तर आलं नाही. पुढच्या धड्यात पुन्हा तेच. मी पुन्हा हट्टाने ति लिहिला आणि पुन्हा फुली खाल्ली.

अकराव्या दिवशी मी चुलत बहिणीच्या लग्नात होतो. कार्यालयाच्या दारातून काका ओरडला, “वऱ्हाड आलं!” बाहेर दोन बस भरून माणसं उतरत होती, आणि आलं काय, तर वऱ्हाड. नपुंसकलिंगी, एकवचनी. मी अक्षतांचं तबक हातात घेऊन तिथेच थबकलो. ङोप म्हणजे ताटल्यांचं वऱ्हाड! अर्थाने अनेक, व्याकरणाला एक.

घरी येऊन शेवटी शब्दकोशाचं व्याकरणाचं प्रकरण उघडलं, तर तिथे स्वच्छ लिहिलेलं. काही नामं मुळातच अनेकवचनी असतात आणि त्यांना एकवचनी धरायचं. उदाहरण टॉर्पेडोचं आहे : एक असेल तर पेङ, अनेक असतील तर चा, आणि चा सज्ज ठेवायचा हुकूम यि लावूनच द्यायचा. हे मी पहिल्या दिवशी वाचलं असतं तर? ॲपवर शिकणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगतो, ते प्रकरण आधी वाचा. जोड्याही एकदमच पाठ करा : पेङ-चा, जेङवा’-ङोप, लक्ष्याला डोष-राय’, शिपायाला माङ-नेग़.

आणि गंमत म्हणजे जेङवा’मेय हा शब्द अस्तित्वात आहे! फक्त त्याचा अर्थ ‘इकडेतिकडे विखुरलेल्या ताटल्या’ असा होतो. बोलणाऱ्यांनाही मेय लावता येतो. पुक़पु’ म्हणजे मुलं, पुक़मेय म्हणजे चहूकडे पसरलेली मुलं. अवयवांना मात्र मेय चालत नाही, पण क्लिंगॉन कवी तो नियम मोडतात म्हणे. कोशात त्यासाठी इतस्ततः विखुरलेल्या नाकपुड्यांचं उदाहरण आहे. ते वाचल्यावर माझा निम्मा राग गेला.

एक राहिलं. ‘माझे मित्र’ म्हणताना अनेकवचन आधी, मालकी नंतर : जुपपु’वि’. बोलणाऱ्यांसाठी ‘माझा’ म्हणजे वि’, वस्तूंसाठी विज. मी एका सरावगटात मित्राला विज लावला. तो अपमान आहे, त्याला बोलता न येणाऱ्यांत काढल्यासारखं. समोरचा हसला म्हणून निभावलं.

परवा रात्री पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघरात पाहिलं. ओट्यावर चार, सिंकमध्ये सहा, एक फ्रिजवर. मी बायकोला कौतुकाने म्हटलं, “बघ, याला ङोप नाही म्हणायचं, जेङवा’मेय म्हणायचं.” तिने मराठीतच हुकूम सोडला. त्यात यि नव्हता, ति नव्हता, पण अर्थ लगेच कळला.