काळी एकचा गंधार

सुरात लावायला आलेली पेटी (हार्मोनियम) खर्ज-नर-नर, म्हणजे खर्जाची एक आणि नराच्या (मधल्या सप्तकाच्या) दोन अशा सुरांच्या तीन फळ्या; स्केल-चेंजर, म्हणजे पट्ट्या सरकवून षड्ज बदलता येणारी; पालिताण्याचे सूर (पितळी जिभा). वादकाची तक्रार एवढीच: "मोबाइलच्या ट्यूनर ॲपवर सगळे सूर शून्यावर येतात, पण तानपुरा सुरू झाला की गंधार टोचतो." तक्रार खरी होती आणि मोबाइलही खोटं बोलत नव्हता.

तानपुऱ्याची जवारी (तारेला गुंजन देणारी घोडीची घडण) नीट असेल तर खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप बोलतो. त्याची कंपनं मूळ सुराच्या पाचपट. सा-ग-प म्हणजे 4:5:6. बाजारातल्या पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. त्यात पंचम जेमतेम 2 सेंट उतरतो (अर्धा स्वर म्हणजे 100 सेंट), पण शुद्ध गंधार 14 सेंट चढतो. काळी एक (पहिली काळी पट्टी, इथला सा) सेकंदाला 277.2 कंपनांची धरली तर बाजारी गंधार 349.2 येतो, हवा असतो 346.5. सा-प एकत्र दाबले तर सेकंदाला एखादी लहर (आवाजाचा चढउतार) येते, सा-ग दाबले तर अकरा. ॲप या लहरी दाखवत नाही. सूर बाराच्या मापात बसला का, एवढंच ते सांगतं, आणि हल्ली बरेच लोक त्यालाच सुरेल समजतात.

गंधार उतरवायचा म्हणजे सुराची जीभ मुळाशी, रिव्हेटजवळ खरवडायची. टोकाशी खरवडली की सूर चढतो. जिभेखाली पातळ पोलादी पत्री सरकवून आधार द्यावा लागतो, नाहीतर जीभ वाकते आणि सूर उशिरा बोलतो. या पेटीवर आधी कोणीतरी जाड कानस आडवी मारली होती. अशा ओरखड्यावरच जीभ पुढे तुटते, आणि तुटली की दोष पितळेला. खरवडून गरम झालेला सूर लगेच तपासू नये. फळी पेटीत बसवून, नेहमीच्या दाबाने भाता मारूनच ऐकावा, कारण जोरात हवा दिली की सूर किंचित उतरतो.

क्रम ठरलेला आहे. तानपुऱ्याला सा, लहर थांबेपर्यंत पंचम, मग मधला गंधार. पंचमावरून त्याच मापाने निषाद आणि वरचा रिषभ. वरचा षड्ज पंचम येईल असा मध्यम, मग म आणि सा यांच्या मधला धैवत. सा-ग-प, म-ध-सा, प-नी-रे, तिन्ही 4:5:6. ॲपवर आता गंधार 14, धैवत 16, निषाद 12 सेंट उतरलेला दिसतो. काटा बघून लोक घाबरतात.

खरी पंचाईत धैवताची. असा लावलेला धैवत रिषभाचा पंचम होत नाही, साडेएकवीस सेंट कमी पडतो. रे-ध एकत्र दाबले की सेकंदाला साडेअकरा लहरी. वादकाने ते लगेच पकडलं. धैवत चढवला तर रे-ध जुळतं आणि म-ध-सा मोडतं. हे कानसेने सुटणारं नाही, आकड्यांतच आहे. भूपाला उतरलेला धैवत चालतो, देसकाराला चढा लागतो. शेवटी नराच्या एका फळीत उतरलेला धैवत ठेवला आणि दुसरीत चढा. दोन्ही फळ्यांचे स्टॉपर (हवा सोडणारे खुंटे) एकदम उघडले तर तो एक सूर थरथरणार, हे सांगूनच. त्याने नराची एकच फळी वाजवायचं कबूल केलं. पण एका फळीचा आवाज मोठ्या सभागृहात पुरतो का, याबद्दल मला अजून खात्री नाही.

पुढे तो पेटी घेऊन परत आला. काळी पाचात गाणाऱ्या बाईंच्या साथीला त्याने पट्ट्या सरकवल्या होत्या, आणि तिथे गंधार पूर्वीपेक्षाही वाईट. साहजिकच. काळी एकचा कोमल रिषभ तिथे गंधार होतो, आणि तो 41 सेंट चढा लागतो. बाजारी पेटीतला चौदाच चढा असता. गांधार ट्यूनिंग (तानपुऱ्याच्या गंधाराला जुळवलेली अशी लावणी) करून घेतलं की स्केल-चेंजर निकामी होतो हे पेटी विकताना कोणी सांगत नाही, उलट दोन्ही सोयी एकाच दमात विकल्या जातात. मी त्याला सरकपट्टीला स्क्रू मारून ती काळी एकवर कायम करायला सुचवलं. तेवढे पैसे स्केल-चेंजरसाठी मोजलेल्या माणसाला हे पटणं कठीण. काळी पाचासाठी साधी, कमी किमतीची दुसरी पेटी घ्यावी, असं माझं मत आहे. त्याने अजून काही कळवलेलं नाही.