मोडलेला संघ पुन्हा जमत नाही

जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने गेमिंग विभागातील सुमारे १,९०० जणांना नोकरीवरून कमी केले, तेव्हा ६८.७ अब्ज डॉलर मोजून ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही गेम बनवणारी कंपनी विकत घेतल्याला जेमतेम तीन महिने झाले होते. पुढच्याच महिन्यात सोनीने प्लेस्टेशनमधील सुमारे ९०० जणांच्या कपातीची घोषणा केली. करोनाकाळात वाढलेली मागणी अशीच टिकेल असे गृहीत धरून कंपन्यांनी वारेमाप भरती केली, हे खरेच. पण एवढ्याने सगळा उलगडा होतो असे मला वाटत नाही.

खरे दुखणे एका गेमवर किती पैसा आणि किती वर्षे पणाला लावली जातात, यात आहे. सोनीच्या न्यायालयीन कागदपत्रांतून ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ या गेमचा खर्च सुमारे २२ कोटी डॉलर असल्याचे २०२३ मध्ये उघड झाले. यातला मोठा वाटा पगारांचा असतो. पात्राने नुसता दरवाजा उघडायचा म्हटला, तरी ॲनिमेटरला हाताची हालचाल बसवावी लागते, पाठलाग करणारा शत्रू त्याच दारात अडकणार नाही हे प्रोग्रामरला पाहावे लागते, कॅमेरा भिंतीत घुसता कामा नये, करकर वेळेवर वाजली पाहिजे, आणि टेस्टर तोच दरवाजा धावत, वाकून, लढता लढता पुन्हा पुन्हा उघडून पाहतो. अशा असंख्य बारकाव्यांवर शेकडो माणसे वर्षानुवर्षे राबतात आणि तोवर खेळणाऱ्यांची आवड बदललेली असते. २३ ऑगस्ट २०२४ रोजी आलेला सोनीचा ‘कॉनकॉर्ड’ हा गेम दोन आठवड्यांत मागे घेतला गेला आणि ऑक्टोबरमध्ये तो बनवणारा फायरवॉक स्टुडिओ बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. पैज लावली वरिष्ठांनी, घर बसले कारागिरांचे.

अपयशाची शिक्षा निदान समजते. ‘हाय-फाय रश’चे काय? टँगो गेमवर्क्सच्या या गेमला एप्रिल २०२४ मध्ये ॲनिमेशनचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला आणि मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने तो स्टुडिओच बंद करत असल्याचे सांगितले. कोणते साधन कुठे दगा देते, कोणाचे कोणाशी जुळते, ही जाण कुठल्याही दस्तऐवजात उतरत नाही आणि माणसे पांगली की ती विकतही मिळत नाही, याचा मला मनापासून संताप येतो. पुढे ऑगस्टमध्ये क्राफ्टन या दक्षिण कोरियाच्या गेम कंपनीने टँगोला आसरा दिला. मे महिन्यात टँगोबरोबर त्याच दिवशी बंद करण्याची घोषणा झालेल्या मायक्रोसॉफ्टच्याच आर्केन ऑस्टिन स्टुडिओला मात्र असा कोणी वाली भेटला नाही.