नांदूर मध्यमेश्वर, हरिहर आणि एमजी रोडवरची ‘दोन टीबी’

आधी निकाल सांगून टाकतो. कॅमेरा घेऊन नाशिकला निघाला असाल तर हार्ड डिस्क घरूनच आणा. विसरलात तर बाजारात जाऊन स्वस्तातली एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) शोधू नका, तेवढ्या पैशात एक चांगलं मेमरी कार्ड घ्या. बाकी वाचायला वेळ नसेल तर इथे थांबलात तरी चालेल.

मी आणि एक मित्र जानेवारीत पुण्याहून गाडीनं गेलो. पहिला दिवस नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य, दुसरा हरिहर किल्ला, तिसरा आराम. ओझं नको म्हणून लॅपटॉप ठेवला घरी. कॅमेरा, 64 जीबीची दोन कार्डं, फोनला लावायचा छोटा हब आणि कार्ड रीडर, एवढंच घ्यायचं ठरलं होतं, आणि अर्थात हार्ड डिस्क. ती टेबलावरच राहिली. चाकणला लक्षात आलं, आणि चाकण पार करून आलेला माणूस कशासाठीही मागे फिरत नाही.

नांदूर मध्यमेश्वरला उजाडायच्या आत पोहोचा. निफाडची थंडी दरवर्षी पेपरात येते ती उगाच नाही. बोटं वाकत नाहीत आणि बॅटरी नेहमीपेक्षा लवकर बसते, जादाची बॅटरी आतल्या खिशात ठेवा. गोदावरी आणि कादवा इथे मिळतात, बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला आणि त्याची दलदल झाली, म्हणून पक्षी. 2020 मध्ये हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. चापडगावच्या बाजूनं मनोऱ्यांकडे जाता येतं. स्थानिक गाइड घ्याच, आमच्या गाइडला दुर्बीण न लावता दलदली भोवत्या (एक शिकारी पक्षी) दिसत होता आणि मला दुर्बीण लावून गवत दिसत होतं.

सकाळी पहिलं कार्ड गच्च भरलं. उडते पक्षी टिपताना बोट उचलायचं भान राहत नाही, आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) एक फोटो 28 एमबीच्या आसपास जातो. दुपारी चारनंतर पट्टकदंब हंसांचा थवा पाण्यावर उतरला तेव्हा दुसरं कार्ड चालू होतं. डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्या मोजता येतील इतके जवळ. संध्याकाळी हिशेब केला: पहिल्यावर 58 जीबी, दुसऱ्यावर 20. उद्या हरिहर. म्हणून नाशिकला परतताना एमजी रोड.

दुकानाचं नाव लिहीत नाही. काउंटरवर दोन वस्तू होत्या. एक नामवंत कंपनीची 1 टीबी, म्हणजे हजार जीबीची, एसएसडी, आणि दुसरी, दुप्पट जागेची, तिच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी किमतीत. ‘साहेब, माल तोच असतो. तिकडे नावाचे पैसे घेतात.’ काळी, धातूची, हातात छान जड. 2,200 म्हणाला, 1,900 ला दिली, आणि मी घासाघीस जिंकल्याच्या आनंदात बाहेर पडलो. बिल म्हणून एक चिठोरं मिळालं.

लॉजवर फोनला हब, हबला एकीकडे कार्ड, दुसरीकडे ही. फोननं 2 टीबी दाखवली. कॉपी सुरू केली तर वेग सेकंदाला 12 एमबी. 78 जीबीला पावणेदोन तास. खरी एसएसडी आणि बरं कार्ड असेल तर हेच काम पंधरा-वीस मिनिटांत उरकतं. इथेच मला कळायला हवं होतं. पण दिवसभर थंडीत उभा राहिलेला माणूस आणि समोर गादी! मध्येच स्क्रीन बंद झाली की कॉपी थांबते, म्हणून दर पाच मिनिटांनी फोनला बोट लावत बसलो. शेवटी ‘पूर्ण’ अशी खूण आली. पहिले चार-पाच फोटो उघडले, उघडले. दोन्ही कार्डं कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट केली आणि झोपलो.

हरिहरबद्दल थोडक्यात, कारण त्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेलेच आहेत. त्र्यंबकहून हर्षेवाडीकडून गेलात तर चढ कमी, निरगुडपाड्याकडून जास्त. पायऱ्या त्याच. शनिवार-रविवारी जाऊ नका; त्या उभ्या जिन्यावर चढणारे आणि उतरणारे एकमेकांसाठी थांबतात तो प्रकार भीतीदायक आहे. दोन्ही हात खोबण्यांसाठी मोकळे हवेत, म्हणजे कॅमेरा सॅकमध्ये, गळ्यात नाही. उतरताना तोंड कातळाकडे. माकडं पिशवीच्या आवाजावर येतात. मी दिवसभरात 320 फोटो काढले, 9 जीबी, सगळे दुसऱ्या कार्डावर. दुर्दैवानं.

संध्याकाळी त्र्यंबकला मित्र म्हणाला, ते हंस दाखव ना जरा. मी डिस्क लावून फोन त्याच्या हातात दिला.

‘अरे, हे उघडत नाहीये.’

‘मोठी फाइल आहे, थांब.’

‘पुढचंही नाही. त्याच्या पुढचंही.’

नावं होती. आकडे बरोबर होते, प्रत्येकी 28 एमबी. आत काही नव्हतं. पहिल्या कार्डाचे सगळे ठीक, दुसऱ्या कार्डाचे सगळे राखाडी चौकोन.

घरी आल्यावर सुरीनं डबी उघडली. आत बोटाच्या पेराएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर गोंदानं चिकटवलेलं मायक्रोएसडी कार्ड, आणि उरलेल्या जागेत एक लोखंडी तुकडा. वजनासाठी! पट्टीवरच्या चिपला एवढंच शिकवलेलं असतं की कोणी विचारलं तर 2 टीबी सांग. खरी जागा संपल्यावरही ती फाइल घेत राहते, यादीत नाव लिहिते आणि मजकूर सोडून देते. काही डिस्क तर फिरून सुरुवातीच्याच फोटोंवर लिहितात. त्या मानानं माझी सभ्य निघाली. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर डिस्क भरून मग परत वाचून पडताळतं (मॅक आणि लिनक्सवर एफ थ्री). मी 100 जीबीपुरतंच लावलं, खरी जागा 60 जीबीच्या आत निघाली. पूर्ण 2 टीबी नुसती भरायलाच या वेगानं जवळजवळ दोन दिवस लागले असते, आणि विकणाऱ्याला हे माहीत असतं.

त्र्यंबकला त्या रात्री मी एक गोष्ट बरोबर केली. दोन्ही कार्डं काढून पाकिटात ठेवली आणि पुन्हा कॅमेऱ्यात घातली नाहीत. साध्या फॉरमॅटनं फोटो सहसा लगेच पुसले जात नाहीत, फक्त यादी जाते; त्यावर नवीन काही लिहिलं की मग जातात. तुमच्यावर ही वेळ आली तर कार्ड तसंच काढून ठेवा.

एक चूकही केली. ती डबी रात्रीतून मरेल या भीतीनं सकाळी तिथल्याच एका स्टुडिओत गेलो. 58 जीबी पेन ड्राइव्हवर उतरवायचे जीबीमागे 10 रुपये, म्हणजे 580, आणि पेन ड्राइव्ह बाजारभावाच्या दुप्पट. म्हणजे 1,900 ची डिस्क तीन हजारांच्या वर पडली आणि खरी 1 टीबी नाशिकमध्येच शोकेसमध्ये राहिली. घाबरलेल्या गिऱ्हाइकाकडून कोणीही दुप्पटच घेणार, त्याला मी दोष देत नाही. खरं म्हणजे देतो.

परतताना पुन्हा एमजी रोडला गेलो. ‘साहेब, सील तोडलंय.’ सील न तोडता ती वापरायची कशी, याला उत्तर नव्हतं. चिठोऱ्यावर ना जीएसटी क्रमांक, ना मॉडेल. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे, पण हातात पक्कं बिल असेल तर बोलायला काहीतरी असतं. घ्याच.

मित्राचे काका लग्नांचे फोटो काढायचे. त्यांच्याकडे एप्सनचं पी-2000 होतं, 2004 च्या काळातलं, 40 जीबीचं, स्वतःची स्क्रीन असलेलं. कार्ड घातलं की फोटो आत, लॅपटॉप नको. माझी गोष्ट ऐकून त्यांनी एकच विचारलं, ‘शेवटचा फोटो उघडून बघितलास का?’ मी पहिला बघितला होता. सगळे पहिलाच बघतात.

तर जाणाऱ्यांसाठी: कार्ड भरलं की कडेचं छोटं लॉक खाली सरकवा, मग कॅमेरा ते फॉरमॅट करूच शकत नाही. डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून न्या, एनटीएफएसवर बरेच फोन लिहीत नाहीत (दोन्ही डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धती). फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क फोनच्या विजेवर नीट चालेलच असं नाही, आदल्या दिवशी घरी लावून बघा. चार्जरसोबतची केबल बऱ्याचदा डेटासाठी मंद असते, डिस्कसोबत आलेलीच वापरा. आणि गाडीत डिस्क एका सॅकमध्ये, कार्डं दुसऱ्याच्या खिशात.

तिसरा दिवस मिसळ आणि गंगापूर धरणाच्या काठावर गेला. छान होता.

दुसऱ्या कार्डावर फोटोरेक हे पुसलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं. पहिले 9 जीबी हरिहरच्या पायऱ्यांनी खाल्ले होते, म्हणजे पट्टकदंब गेले. त्यापुढचे 390 फोटो परत मिळाले, नावं-क्रमांक सगळं हरवून. त्यातले साडेतीनशे वारकरी पक्ष्याचे आहेत, कारण हंस उडून गेल्यावर समोर तेच उरले होते. ते पाषाण तलावावरही दिसतात, माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर.