माकडटोपीतला वेताळ

जानेवारीत आमच्या मॅडिसनला, म्हणजे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये, पाच वाजताच अंधार पडतो. बाहेर उणे पंधरा, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मग आम्ही सहाजण दर गुरुवारी एकाच्या तळघरात जमतो आणि चेटकीण, बुटका, भुरटा चोर असं काहीबाही होतो. आईला हे फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, पन्नाशी आली तुझी!"

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. एकजण गोष्ट रचतो, त्याला डीएम, म्हणजे डन्जन मास्टर, म्हणायचं. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. तुम्ही म्हणायचं, "मी दाराला कान लावते," आणि पलीकडलं ऐकू आलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. थोडक्यात, पाठांतर नसलेलं आणि प्रेक्षक नसलेलं नाटक. खेळ इथल्याच मातीतला आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली छापून बाहेर पडला तो लेक जिनिव्हा नावाच्या गावातून, आमच्यापासून गाडीने दीडेक तासावर.

तर आमच्यात भांडण लागलं ते चित्रांवरून. आमचे डीएम चीजच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, सत्तरीचे गृहस्थ. राक्षस समोर आला की ते त्याचं चित्र टेबलावर ठेवतात. त्यांचं म्हणणं, चित्र भीतिदायकच हवं. विनोदी चित्र दाखवलं की अख्खी संध्याकाळ वाया जाते, कुणी गंभीरपणे खेळतच नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर असतो या खेळाच्या १९८३च्या लाल खोक्यावरचा लॅरी एल्मोरचा ड्रॅगन. खवला न् खवला रंगवलेला, जबडा उघडून अंगावर येणारा. चित्र सुरेखच आहे, वाद नाही.

पण त्याआधीच्या दहा वर्षांतली पुस्तकं चाळली तर वेगळंच दिसतं. १९७९च्या डीएमसाठीच्या जाडजूड नियमपुस्तकात, तक्ते आणि आकडेमोड यांच्या मधोमध, विल मॅक्लीनची व्यंगचित्रं आहेत. एकात योद्धे आणि जादूगार टेबलाभोवती बसून खेळताहेत, आणि त्यांचा खेळ काय, तर आपण कारखान्यांच्या जगातले कामगार आणि विद्यार्थी आहोत असं समजायचं! १९८१च्या खोक्यावरचं एरोल ओटसचं चित्र तर कुणी तापात स्वप्न बघितल्यासारखं. आणि घुबडाचं डोकं लावलेलं अस्वल, लोखंडाला गंज चढवणारा किडा ही मंडळी आली कुठून? हाँगकाँगहून येणाऱ्या स्वस्तातल्या प्लास्टिकच्या खेळण्यांतून. गायगॅक्सने ती खेळायला टेबलावर मांडली आणि नंतर त्यांना नावं आणि नियम दिले. म्हणजे या खेळातले काही नावाजलेले राक्षस मुळात जत्रेतल्या खेळण्यांच्या जातकुळीचे.

माझा लाडका म्हणजे जेलीचा ठोकळा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच, पारदर्शक, आत सापडेल त्याला पचवून टाकणारा. गोष्टीतल्या भुयारांच्या दहा फुटी बोळात तो डब्यातल्या वडीसारखा फिट्ट बसतो. ऐकायला निव्वळ खुळचट. पण आमच्यातला एकजण मशाल घेऊन सरळ त्याच्यात चालत गेला तेव्हा तळघरात टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

डीएमसाहेबांना मी केळकर संग्रहालयाबद्दल सांगायचा प्रयत्न केला. पुण्याच्या शुक्रवार पेठेतलं आपलं राजा दिनकर केळकर संग्रहालय. तिथले अडकित्ते आठवा. कुठे पक्षी, कुठे घोडेस्वार, कुठे चक्क जोडपं. पाय घासायच्या वज्रीच्या डोक्यावरसुद्धा कुणीतरी पितळी पाखरू बसवलंय. बघून हसू येतंच. पण त्या अडकित्त्याने सुपारीही कातरली जायची, आणि मध्ये बोट आलं तर बोटही. एवढं सगळं इंग्रजीतून सांगताना 'अडकित्ता' या शब्दापाशीच माझी गाडी अडली. सुपारी म्हणजे काय, ती का कातरायची, यात पंधरा मिनिटं गेली आणि मुद्दा राहिलाच.

मग फेब्रुवारीत गोष्ट रचायची पाळी माझ्यावर आली. मी वेताळ घ्यायचं ठरवलं. वेताळ टेकडीवरचाच. प्रश्न विचारणार, उत्तर माहीत असून गप्प बसलात तर डोक्याची शंभर शकलं. चित्र कोण काढणार? कोथरूडला धाकट्या बहिणीचा मुलगा आहे, बारा वर्षांचा, दिवसभर काही ना काही चितारत असतो. त्याला म्हटलं, "वेताळ काढून दे, फोटो पाठव, मी इकडे छापून घेईन."

दुसऱ्या दिवशी फोटो आला. वेताळ टेकडी चढतोय. कानावर ओढलेली तपकिरी माकडटोपी, वर गोंडा, अंगात हाफ स्वेटर, एका हातात काठी, दुसऱ्या हातात चपला. हुबेहूब पहाटे फिरायला येणारे आजोबा. मी फोन केला, "अरे, माकडटोपी कशाला?"

"मावशी, टेकडीवर थंडी असते."

यावर काय बोलणार!

गुरुवारी तो कागद टेबलावर ठेवला आणि अपेक्षेप्रमाणे हशा पिकला. डीएमसाहेबांनी माझ्याकडे 'बघ, मी म्हटलं नव्हतं?' अशा नजरेने पाहिलं. आमच्या चोराने तर वेताळाशी थट्टामस्करीच सुरू केली, टोपी कुठून घेतली म्हणून विचारलं. मी वेताळाच्या आवाजात नीट उत्तर दिलं, तुळशीबागेतून. अशी दहा मिनिटं गेली असतील. चेटकीण झालेली बाई कागद जवळ ओढून निरखत होती, ती एकदम थांबली.

"याची पावलं उलटी आहेत."

टाचा पुढे, बोटं मागे. मलाही दिसलं नव्हतं. चपला हातात का, ते आत्ता कळलं. या पायांत त्या बसणारच नव्हत्या. चोर थट्टा करत करत वेताळाच्या अगदी शेजारी जाऊन उभा राहिला होता, पळायची वाट पाठीमागे राहिलेली. मी त्याच आजोबांच्या आवाजात पहिला प्रश्न विचारला. कुणीही फाशाला हात लावेना. आधीच भयंकर काहीतरी दाखवलं असतं तर ही मंडळी दहा हात लांब उभी राहून बाण मारत बसली असती, हे मी पैजेवर सांगते.

वेताळच वरचढ ठरला. चोर गेला.

निघताना डीएमसाहेबांनी तो कागद मागून घेतला. पोराने गणिताच्या चौकटीच्या वहीतलंच पान वापरलं होतं, आणि आमच्या खेळाचे नकाशेही तसल्याच चौकोनांवर काढतात, त्याचं त्यांना फार कौतुक वाटलं. आपल्याकडे गणित आणि गमतीचं नातं जुनंच आहे म्हणा. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत शि. द. फडणीसांची चित्रं असायची, ती बघता बघता आमच्या पिढीची बेरीज-वजाबाकी झाली. ते सांगणार तेवढ्यात त्यांनी कोपऱ्यातल्या तांबड्या शाईच्या ओळीवर बोट ठेवून हळूच विचारलं, हा मंत्र आहे का?

मी चष्मा लावून वाचलं. 'वहीत चित्रे काढू नयेत. पालकांची सही आणणे.'

हो म्हटलं.