एका डब्यात तीन कॉम्प्युटर

जेल रोडवरून आणलेल्या जुन्या ऑफिस पीसीवर आज प्रॉक्समॉक्स (एकाच मशीनवर अनेक व्हर्च्युअल कॉम्प्युटर चालवणारी सिस्टिम) चढवलं. इन्स्टॉलेशन तसं किरकोळ: पेन ड्राइव्ह, डिस्क, आयपी, पासवर्ड. खरं काम आधीचं. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय, म्हणजे प्रोसेसर इंटेल असेल तर व्हीटी-एक्स, एएमडी असेल तर एसव्हीएम, चालू हवी. आणि निवडलेली डिस्क पूर्ण पुसली जाते, तेव्हा लग्नाचे फोटो आधी हलवा!

पुढे मॉनिटर काढून ठेवला तरी चालतं. दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये आयपी आणि ८००६ पोर्ट, बस्स.

आईनं विचारलं, "एका डब्यात तीन कॉम्प्युटर राहतात कसे रे?" म्हटलं, आपल्या रामबागेतल्या वाड्यासारखे. कंटेनर म्हणजे बिऱ्हाड: खोल्या वेगळ्या, नळ एकच, कारण लिनक्सचं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, सामायिक. व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) म्हणजे स्वतंत्र बंगला, कर्नल स्वतःचं, म्हणून रॅमही जास्त खातो. आईला नळाचं लगेच पटलं.

फुकट वापरणाऱ्यांनी एंटरप्राइझ रिपॉझिटरी (पैसे भरणाऱ्यांसाठीचा अपडेटचा साठा) बंद करून नो-सब्स्क्रिप्शनवाली लावावी, नाहीतर अपडेट ४०१ (परवानगी नाही) म्हणत अडतं. लॉगिन करताना सब्स्क्रिप्शनची आठवण येतेच, ओके दाबायचं.

कुणाकडे जुनी डीडीआर४ रॅम पडून आहे का? पोहे-जिलबी माझ्याकडून.