आमची वाटचाल : थर जमतो तो तोंडाशी
बाबा गिरणीत फिटर होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी पुन्हा चालू होईल म्हणून त्यांनी बरीच वाट पाहिली. शेवटी साकीनाक्याला भाड्याचा गाळा घेतला आणि एका वेल्डिंग मशिनवर काम सुरू केलं. सुरुवातीला ग्रिल, टाक्या, हॉपर, मिळेल ते केलं. रोटरी ड्रायर, म्हणजे ओला माल गरम हवेने सुकवणारे फिरते ड्रम, आमच्याकडे आले ते दुरुस्तीच्या निमित्ताने. घणाचे घाव बसून शेलला, म्हणजे ड्रमच्या पत्र्याच्या अंगाला, पोचे पडलेले असायचे.

घण का मारावा लागतो, हे समजायला मला बरीच वर्षं लागली. ओला माल ड्रमच्या आतल्या पत्र्याला चिकटतो. थरावर थर चढून लिफ्टर, म्हणजे माल वर उचलणाऱ्या आतल्या पट्ट्या, बुजतात. मग माल वर उचलला जाऊन गरम हवेतून पडत नाही, तळाशीच घसरत राहतो आणि हवा नुसतीच निघून जाते. माल ओलाच बाहेर येतो, ड्रम जड होतो, मोटरचे अँपिअर चढतात. मग थर पाडायला बाहेरून घण मारतात.

आम्ही उपाय म्हणून बाहेरून आपटणारे हातोडे बनवले. ते खपलेही चांगले. पण पाताळगंगेच्या एका ग्राहकाकडे काही महिन्यांतच हातोड्यांखालच्या शेलला चिरा गेल्या. खाली जाड पॅड न देता आम्ही ते थेट पत्र्यावर बसवले होते. चूक आमची होती, शेल आमच्या खर्चाने बदलून दिलं.

त्या कामात मी ड्रम थंड करून, वीज तोडून, स्विचला कुलूप लावून, बाहेर माणूस उभा करून आत शिरलो. थर जवळजवळ सगळा तोंडाकडच्या, म्हणजे ओला माल आत येतो तिकडच्या, दोनेक मीटरांत होता. पुढे पत्रा स्वच्छ. हातोडे मात्र आम्ही संपूर्ण लांबीवर बसवले होते!

तिथून आमचं काम बदललं. तोंडाशी लिफ्टर काढून तिरप्या पट्ट्या लावल्या, म्हणजे ओला माल तिथे न रेंगाळता पुढे सरकतो. काही ठिकाणी ओल्या भागात साखळ्या टांगल्या. सगळ्यात गुण आला तो सुका माल परत फिरवून ओल्या केकमध्ये, म्हणजे सुकवायला येणाऱ्या ओल्या लगद्यात, कालवण्याचा. चिकट गोळ्याचे दाणे होतात आणि दाणा पत्र्याला धरत नाही. आच वाढवा, असं पुष्कळ जण सुचवतात. पण उष्णतेने मऊ पडणारा माल त्याने उलट जास्तच चिकटतो, म्हणून मी ते सरसकट मान्य करत नाही.

आता चौकशी आली की ड्रॉइंगच्या आधी आम्ही दोन बादल्या मागतो, एक ओल्या मालाची, एक सुक्याची. शक्यतो पावसाळ्यातला माल, कारण उघड्यावर पडलेला केक तेव्हाच सगळ्यात ओला असतो. हातमोजे घालून मुठीत दाबतो. गोळा हाताला चिकटला, तर तो दाबल्यावर भुगा होईपर्यंत सुका कालवत जातो. किती सुका लागला ते वजन करून लिहितो आणि मिक्सरचं माप त्यावरून काढतो.